आवाज नेमका कधी आला

बसस्थानकावर तिला सगळे भोंगाबाई म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. एखादा नवा कंडक्टर बिचकत ‘मॅडम’ म्हणाला, की तीच सांगायची, “भोंगाबाई म्हण. मॅडम म्हटलं की मला वाटतं, माझ्या मागे दुसरंच कुणीतरी उभं आहे.” चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक लहानशी खोली होती. तिथे माइकसमोर बसून ती गाड्यांच्या घोषणा करायची. आवाज असा, की माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरच्या माणसाला आपली गाडी कळावी. बाकावर डुलक्या काढणारे दचकून उठत, पण चढत ते बरोबर आपल्याच गाडीत.

रविवारी हाच आवाज चर्चमध्ये गायनमंडळाच्या पुढे उभा असायचा. ऑर्गन वाजवणाऱ्या काकांची नजर अधू झाली होती. ते म्हणायचे, “मी कागद बघतच नाही आता. हिच्या आवाजामागून जातो, म्हणजे घरी पोचतो.”

तो आवाज एका सकाळी घोषणेच्या मधोमध गेला. “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे,” एवढं झालं. प्रवाशांनी लक्ष दिलं आणि पुढे नुसती हवा आली. ती पाणी प्यायली, खाकरली, तिने माइकवर टिचकी मारून पाहिली. माइक ठणठणीत होता.

घशाच्या डॉक्टर म्हणजे एक तरतरीत, फटकळ बाई होत्या. त्यांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि तिला सरळ झापलं. “स्वरयंत्राला केवढी सूज आहे! सर्दी झालेली असताना घसा दामटलात ना? आता बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने जास्त ताण पडतो.” औषधं दिली. सूज उतरायला लागल्यावर करायचा व्यायामही शिकवला: ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवायची आणि ओठ तिच्याभोवती मिटून गुणगुणत बुडबुडे काढत राहायचे.

घरात शांतता पसरली. नवरा मुळातच कमी बोलणारा. सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचा त्याचा धंदा, आणि घराची पुढची खोली हेच दुकान. कापड ठोकायचे बारीक खिळे, ज्यांना त्या कामात चुका म्हणतात, ते तो ओठांत धरून ठेवायचा आणि एकेक काढून ठोकायचा. त्यामुळे दिवसभर त्याचं उत्तर म्हणजे ‘हं’ किंवा ‘अंहं’. आता बायकोही हातवारे करायला लागली. गिऱ्हाइकं येत, दोघांकडे आळीपाळीने बघत आणि कुठे आलो म्हणून बुचकळ्यात पडत.

तिकडे स्थानकावर तिच्या जागी बसवलेली मुलगी इतकं हळू बोलायची, की लोक भलत्याच गावाला जाऊन परत येऊ लागले. आणि चर्चमध्ये दर रविवारी पाळकसाहेब तिचं नाव घेऊन प्रार्थना करत. सगळी मंडळी मनापासून ‘आमेन’ म्हणे. ती मान खाली घालून ऐकायची आणि तिचे डोळे भरून यायचे. त्या अश्रूंत काही खोटं नव्हतं.

आवाज परत आला तो एका मंगळवारी दुपारी, जिन्यात. नवरा एक जडशीळ सोफा एकट्याने खाली उतरवत होता. दोरी सुटली. ती वर उभी होती. “अहो, सरका!” असा आवाज तिच्या घशातून फुटला, फाटका, घोगरा, पण चांगला मोठा. नवरा भिंतीला चिकटला, सोफा घसरत दारापर्यंत गेला, आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. मग ती पायरीवर बसून हसली आणि रडली. पुढचे काही दिवस बुडबुडे चालूच होते. आवाज भरत गेला, गुळगुळीत झाला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाल्या, “छान. हळूहळू सुरू करा.”

तिने ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. रविवारी एकदम गायचं. सगळ्यांचे चेहरे बघायचे. मनात एवढीच गंमत होती.

रविवारी ती नेहमीसारखी मान खाली घालून बसली. पाळकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, जरा जास्तच आर्ततेने. आमेन झालं, ऑर्गन सुरू झाला, आणि दुसऱ्या ओळीला ती उठली आणि गायली. पहिल्यांदा काकांची बोटं थांबली. मग सगळं गायनमंडळ थांबलं. तिचा एकटीचा आवाज छताला जाऊन भिडला. बायका ओक्साबोक्शी रडायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, “चमत्कार!” पाळक धावतच खाली आले. भला माणूस. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

“आत्ता आला? आत्ता, प्रार्थनेत?”

सगळं चर्च श्वास रोखून तिच्याकडे पाहत होतं. मंगळवार, जिना, सोफा... त्या सगळ्या चेहऱ्यांपुढे हे शब्द किती किरकोळ वाटले! गंमत करणार होते असं आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

“हो,” ती म्हणाली. “आत्ताच.”

नवरा मागच्या बाकावर होता. त्या दिवशी त्याच्या तोंडात काही नव्हतं, तरी तो काही बोलला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित विरूनही गेलं असतं. पण पुढच्या रविवारी तिला साक्ष द्यायला उभं केलं. देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं, ती साक्ष. आणि बोलणं हे तर तिचं हातखंडा काम. पहिल्या खेपेला तिने थोडक्यात आटोपलं. दुसऱ्या खेपेला घशात एक ऊब आली. नंतर ती ऊब छातीपासून वर चढायला लागली. मग दुसऱ्या गावच्या मंडळीकडून आमंत्रण आलं आणि तिथे खांद्यावर कुणीतरी हात ठेवल्यासारखंही झालं. डॉक्टर, औषधं आणि ग्लासातले बुडबुडे यांना त्या साक्षीत जागा नव्हती.

त्या गावाहून परतताना नवरा गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, “हात नवीन होता.”

“कसला हात?”

“खांद्यावरचा. मागच्या वेळी नुसती ऊब होती.”

ती फणकारली, “लोकांचा विश्वास वाढतोय. एका ड्रायव्हरने दारू सोडली माझं ऐकून. तुम्हाला त्याचं काही नाही!”

“माझ्या तोंडात निदान लोखंडाच्या चुका असतात,” तो म्हणाला आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागला.

नवऱ्याची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. एकटी, टापटिपीची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. सगळे तिला ताई म्हणत. तिच्या गळ्याशी गाठ आली होती आणि ती वाढत होती. भोंगाबाईला तपासणाऱ्या त्याच डॉक्टरांनी तिला शस्त्रक्रियेची तारीख दिली होती. तारखेच्या आधीच्या आठवड्यात भोंगाबाई तिच्याकडे विचारायला गेली, दवाखान्यात डबा कुणी आणायचा, रात्री कुणी थांबायचं. ताई कपड्यांना इस्त्री करत होती. चेहरा असा उजळलेला, की भोंगाबाईला आधी बरं वाटलं.

“डबा नको नि काही नको,” ताई म्हणाली. “मी डॉक्टरांना कळवून टाकलं, येत नाही म्हणून.”

“म्हणजे?”

“अगं, ज्याने तुला बरं केलं तो मला नाही का करणार? गोळ्याही बंद केल्या. तुझी साक्ष ऐकली ना, त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले. उगाच भीत होते मी.”

भोंगाबाईने स्टूल ओढलं. “ताई, डॉक्टरसुद्धा देवानेच दिलेत ना?”

“मग तू कुठे गेली होतीस?”

“गेले होते की!”

“साक्षीत तर कधी म्हणाली नाहीस.”

आता उरलं काय लपवायला? तिने सांगून टाकलं. मंगळवार, जिना, सोफा, गोळ्या, बुडबुडे, सगळं. ताईने इस्त्री उभी करून ठेवली आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने भावजयीच्या गालाला हात लावला.

“किती माया आहे तुझी! मी ऑपरेशन करून घ्यावं म्हणून एवढं रचलंस? पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस गं. पाप आहे ते.”

भोंगाबाईने शपथ घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोणत्या जिभेने घेणार? घरी आल्यावर नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही सांगा ताईंना. तुम्ही होतात जिन्यात. तुमचं ऐकतील.”

त्याने ओठांतल्या चुका एकेक काढून डबीत टाकल्या. तो हे सहसा जेवायच्या वेळीच करायचा.

“सांगतो. आत्ता जातो. पण ती म्हणेल, बायकोने पढवून पाठवलं. तू भरल्या चर्चमध्ये बोललीस आणि आता एका खोलीत नाही म्हणतेस. लोक मोठ्याने ऐकलेलंच खरं धरतात. जिथे बोललीस तिथेच जाऊन बोल.”

तो बहिणीकडे गेला आणि तासाभराने तोंड पाडून परत आला. ताईने त्यालाही चहा पाजून, समजूत घालून पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भोंगाबाई चर्चमध्ये गेली तेव्हा पाळक शिडीवर चढून दिवे बदलत होते. शिडी डुगडुगत होती. तिने खालून धरली.

“पाळकसाहेब, माझा आवाज इथे आला नाही. आधीच्या मंगळवारीच आला होता. औषधांनी. मी खोटं बोलले.”

वर हालचाल थांबली. पाळक खाली उतरले आणि जुना दिवा हातात धरूनच बाकावर बसले. त्यांचा चेहरा पाहून तिला वाटलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कुणाला माहीत आहे?”

“घरात. आणि ताईंना सांगितलं, तर त्या विश्वास ठेवत नाहीत. ऑपरेशन नको म्हणतात माझ्यामुळे.”

“त्यांची मी समजूत घालतो,” पाळक घाईने म्हणाले. “जातो आजच. बाकी मंडळीला... जरा दमाने घेऊ. साक्ष देणं थांबवू. लोक आपोआप विसरतील. तो ड्रायव्हर नुकता कुठे सावरलाय. एकदम असं काढून घेतलं तर त्याच्या पायाखालचं...”

“मीही स्वतःला हेच सांगत होते,” ती म्हणाली. “दहा आज्ञांत आहे, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही. मला वाटलं, मी कुणाच्या विरुद्ध कुठे देतेय? मी तर देवाच्या बाजूने देतेय. यात कसलं पाप? तुम्ही सांगा, आहे का?”

पाळकांनी दिवा बाजूला ठेवला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. शेवटी ते ताठ बसले.

“आहे,” ते म्हणाले. “देवाला वकील लागत नाही, आणि खोटा साक्षीदार तर नाहीच नाही. आपण त्याच्या नावावर खोटं खपवतो तेव्हा आपल्याला वाटत असतं की खरं त्याला पुरणार नाही. हाच मोठा अविश्वास. आणि शेजाऱ्याविरुद्ध नाही म्हणता? ताई कोण आहेत मग?” ते थांबले. पुढचं त्यांना जड गेलं. “त्या दिवशी मी तुम्हाला प्रश्न असा विचारला, की उत्तर त्यातच होतं. मला तेच ऐकायचं होतं. आत्तासुद्धा ताईंचा जीव टांगणीला आहे आणि मी मंडळीच्या नावाची काळजी करत होतो. रविवारी दोघंही उभं राहू. आधी तुम्ही, मग मी.”

पाळक त्याच संध्याकाळी ताईकडे जाऊन आले, पण त्यांनाही नुसता चहाच मिळाला. रविवारी चर्च भरलं होतं. ताई पुढून दुसऱ्या बाकावर होती, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून. भोंगाबाई पुढे आली तेव्हा लोक हसऱ्या चेहऱ्यांनी सरसावून बसले. पुन्हा साक्ष!

“स्थानकावर कधी माझ्याकडून चुकीचा फलाट सांगितला जातो,” तिने सुरुवात केली. “तेव्हा आम्हाला एक नियम आहे. लाजायचं नाही, गोलगोल बोलायचं नाही. लगेच म्हणायचं, आधीची घोषणा चुकीची होती. कारण लोक गाडीत चढत असतात. माझ्या घशाबद्दल मी इथे जे सांगितलं ती घोषणा चुकीची होती. माझा आवाज इथे आला नाही. आधीच्या मंगळवारी माझ्या घरच्या जिन्यात आला. डॉक्टरांच्या औषधांनी, व्यायामाने आला. ऊब वगैरे काही नव्हती. दुसऱ्या गावी सांगितलेला खांद्यावरचा हात तर मी प्रवासात रचला.”

मागे कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच दबलं. ती पुढे बोलत राहिली, त्याच खणखणीत आवाजात. “तुम्ही माझ्यासाठी केलेली प्रार्थना खरी होती. मी बरी झाले, त्याबद्दल देवाचे आभार मानले, तेही खरे. पण त्याने जे केलं ते मला कमी वाटलं, म्हणून मी त्यात पदरची भर घातली. खोटं बोलले. पाप केलं. आणि माझं ऐकून कुणी औषध बंद केलं असेल, तर आजच, घरी गेल्या गेल्या सुरू करा.”

ती हे ताईकडे बघून म्हणाली. ताई उठली. बाकांमधून वाट काढत, कुणाकडे न बघता ती चर्चबाहेर निघून गेली.

पाळक उभे राहिले आणि त्यांनी आपल्या वाट्याचं सांगितलं, थोडक्यात, काहीही न झाकता. उपासना संपल्यावर बाहेर आवारात लोकांचे घोळके झाले. गायनमंडळातली एक बाई तरातरा आली. “आम्ही रडलो ते फुकटच की! तुला आमच्यासमोर उभं राहून गायला लाज नाही वाटली?” भोंगाबाई म्हणाली, “वाटायला हवी होती. म्हणून आता काही दिवस मागे बसते. पुढे कधी बोलवायचं, बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.” बाई आणखी भांडायच्या तयारीने आली होती. ती तशीच घोळक्यात परत गेली.

दारू सोडलेला ड्रायव्हर दाराशी वाट बघत होता. पाळक स्वतःच त्याच्याकडे गेले, अपराध्यासारखे. तो म्हणाला, “पाळकसाहेब, असं बघू नका माझ्याकडे. हिचा घसा कधी बरा झाला ते हिला माहीत. माझी दारू मात्र खरीच सुटलीय, माझ्या बायकोला विचारा.” मग भोंगाबाईकडे वळून म्हणाला, “पण बाई, हात जरा जास्तच झाला होता.”

ज्या दुसऱ्या गावी ती बोलली होती, तिथेही पुढच्या आठवड्यात ती आणि पाळक जाऊन आले. तिथे कुणी हसलं नाही. चहाही विचारला नाही. पण परतताना पाळक गाडीत गाढ झोपले. घोरत होते.

ताईचं दार बंद होतं. भाऊ गेला तरी उघडलं नाही. भोंगाबाईने दारापुढे उभं राहून हाका मारल्या नाहीत. तिची हाक म्हणजे सगळ्या गल्लीला खबर. ती नुसती रोज सकाळी कामावर जाताना तिथून जात राहिली. एका सकाळी दार उघडं होतं. ताई उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी होती, बाहेर जायचे कपडे घालून.

“मी रागावलेय,” ती म्हणाली.

“हो, ताई.”

“तुझ्या खोटेपणापेक्षा, तू ते काढून घेतलंस याचा जास्त राग आला. मला ऑपरेशनची भीती वाटते. तुझ्या त्या गोष्टीने मला पळायला वाट दिली होती. कळलं?” तिने मागचं दार ओढून कुलूप लावलं. “आता खरं सांग. दुखेल?”

“दुखेल. गिळताना बरेच दिवस दुखेल म्हणाल्यात डॉक्टर.”

“आवाज जाईल?”

“बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो. प्रत्येकाचा येतोच असं नाही.”

“तू येशील आत?”

“ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत. पुढे सोडत नाहीत.”

ताईने तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं, गणिताचं उत्तर तपासावं तसं. मग पिशवी तिच्या हातात दिली. “चल. तुझ्या त्या फटकळ बाईकडून नवी तारीख घेऊ.”

डॉक्टर दोघींनाही बोलल्या. गाठ श्वासनलिकेवर रेलायला लागली होती. आणखी उशीर केला असता, तर श्वास कोंडण्यापर्यंत वेळ आली असती. त्यांनी लगेचची तारीख दिली. ताईला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर नवरा-बायको आणि पाळक अशी तिघं बसली होती. पाळकांनी प्रार्थना केली. भोंगाबाईने डोळे मिटून एकच मागितलं, आणि जे मिळेल ते जसंच्या तसं सांगेन, असं मनाशी म्हणाली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. गाठ तपासायला पाठवली होती, तिचाही अहवाल चांगला आला. दुसऱ्या दिवशी भोंगाबाई खोलीत शिरली तेव्हा ताई उशांना टेकून बसली होती. गळ्याला जाड पट्टी, चेहरा सुजलेला, केसांचा पार अवतार झालेला. आवाज अगदी बारीक, चिरका येत होता, पण येत होता. तिने हाताने भावजयीला जवळ बोलावलं.

“कशी दिसतेय मी?”

“भयंकर,” भोंगाबाई म्हणाली.

ताई हसायला लागली. हसताना दुखलं, म्हणून दोन्ही हातांनी पट्टी धरली, तरी हसू थांबेना. मग तिने टेबलावरचा कंगवा भावजयीच्या हातात दिला आणि पाठ फिरवून बसली.